खंडेनवमीचं पिस्तूल

१

दसऱ्याच्या सकाळी साडेनऊला पुंडलिकनगरातले तात्यासाहेब स्वतःच्या देवघरात छातीत गोळी लागून मेले, आणि दहा वाजायच्या आत गल्लीनं निकाल देऊन टाकला : पिस्तूल आपोआप सुटलं. निकाल द्यायला आपल्या लोकांना वेळ लागत नाही, कारण आधी माहिती घ्यावी लागते हे त्यांना ठाऊकच नसतं.

पिस्तूल आदल्या दिवशी खंडेनवमीच्या पूजेत मांडलेलं होतं. शेजारी आजोबांची तलवार आणि एक बाराबोरची बंदूक. सकाळी तात्यासाहेब फुलं बदलायला देवघरात गेले, धक्का लागला, पिस्तूल पाटावरून फरशीवर पडलं आणि सुटलं, असं सगळे सांगत होते. जवळच झाडलेल्या काडतुसाची एक रिकामी पितळी पुंगळी सापडली. आठ दिवसांपूर्वी त्या पिस्तुलाची स्प्रिंग गुलमंडीतल्या गयासनं बदलली होती. मग काय, अकरा वाजता गयास कोठडीत.

मी बद्रीनाथ. पोलिसांच्या हत्यारखान्यात सव्वीस वर्षं हवालदार होतो. ही गोष्ट १९८६ सालची, तेव्हा मला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. सणाच्या दिवशी दुपारी मला जीप पाठवून ठाण्यात बोलावलं. माझ्या अनुभवाची कदर वगैरे काही नव्हती. त्या 'आपोआप सुटणाऱ्या' पिस्तुलाला हात लावायला ठाण्यात कोणी तयार नव्हतं.

फौजदार वाघचौरेनं पिस्तूल टेबलावर ठेवून त्याच्या चारी बाजूंनी वाळूची पोती रचली होती. दोन शिपाई दाराबाहेरून माना वाकवून बघत होते. ज्यांच्या कमरेला सरकारनं हत्यार दिलं ती ही माणसं.

"हवालदार, जपून. ऑटोमॅटिक हाय," फौजदार भिंतीला चिकटून म्हणाला.

मी पोती बाजूला सारली. बत्तीस बोअरचं, परदेशी बनावटीचं, सुबक पिस्तूल. उजव्या अंगावर हळदकुंकवाची पाच बोटं ओढलेली, वरपासून थेट मुठीपर्यंत, वाळून खडखडीत झालेली. फोटो आधीच काढून झाला होता. लेखनिक शिपायानं पंचनाम्यातसुद्धा लिहिलं होतं : "पाच उभे पट्टे, वाळलेले, अखंड." असल्या निरुपयोगी तपशिलाबद्दल फौजदार त्याच्यावर खेकसलाही होता.

मी आधी मॅगझिन काढून बाजूला ठेवलं, मग पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागं ओढली. कुंकवाचे पापुद्रे उडून फौजदाराच्या पांढऱ्या कागदांवर पडले.

"अहो, कागद!" तो ओरडला. मेलेल्या माणसापेक्षा त्याला कागदांची काळजी जास्त.

नळीत काही नव्हतं. मॅगझिनमधली काडतुसं मी टेबलावर मांडली. सात.

"आठ बसत्यात," फौजदार बोटांवर मोजत म्हणाला. "सात हायेत, आन् आठवं तात्यासाहेबांच्या छातीत. जुळलं! गयासनं आतला दात घासून ठिवला, म्हनून घोडा अडकला नाय. कबूल व्हईना अजून. दोन दिवसांत व्हईल. सदोष मनुष्यवध. जातोय हर्सूलला."

हर्सूलला म्हणजे तुरुंगात. आतून कोठडीच्या गजामागून गयासचा आवाज आला, "उस्ताद! देख लो आप. दात मैं छुआ बी नै!"

मी पिस्तूल खाली ठेवलं. हात पुसले, बाहेर आलो. त्या पिस्तुलानं मला एक गोष्ट सांगितली होती, आणि ती मी फौजदारापासून राखून ठेवली.

२

ठाण्याच्या फाटकात गयासची बायको सगीरा उभी होती. गयास माझ्याच हाताखाली शिकला. हत्यारखान्यात रोजंदारीवर होता, मग त्यानं आपलं दुकान टाकलं.

"हवालदार साब," ती म्हणाली, "उनों खाली स्प्रिंग डाले, दूसरा कुछ नै. मैं रोटी लेको गई थी, सामने देखी मैं. दुकान का लायसन गया तो हम खाना क्या? तुम बोले तो सुनते उनों. आजच बोलो ना."

"दोन दिवस दे मला," मी म्हणालो.

"दो दिन?" तिनं ठाण्याकडं बघितलं.

"सगळं एकदमच बाहेर काढतो," मी ऐटीत सांगितलं आणि निघालो. फौजदाराला अर्धी गोष्ट सांगावी तर तो ती शहरभर वाजवणार, आणि खरा माणूस सावध होणार. शिवाय त्या मूर्खाला पूर्ण कोडं सोडवून तोंडावर मारायचं, ही माझी हौस. तेव्हा त्या हौसेला मी शहाणपण म्हणत होतो.

आता ती बैठक सांगायला हवी. गयासचं दुकान गुलमंडीच्या मागच्या बोळात. बाहेर एक बाकडं. त्या बाकड्यावर दर रविवारी सकाळी शहरातली परवानेवाली मंडळी जमायची आणि पिस्तूल चांगलं की रिव्हॉल्व्हर यावर वाद घालायची. मी चहासाठी जायचो. करमणूक फुकट होती.

तात्यासाहेब पिस्तुलाचे भक्त. "मुठीत असं बसतं," ते रिकामी मूठ वळून दाखवत, "जसं माझ्याच हाताचं माप घेऊन केलंय. चाप नुसता दाबायचा, बाकी सगळं ते सवताच करतं. आन् तुमचं रिव्हॉल्व्हर? खलबत्ता धरल्यावानी वाटतं."

त्यांचे जुने मित्र नानासाहेब रिव्हॉल्व्हरवाले. आवाज जाड, मिशी त्याहून जाड. "खलबत्ता दगा देत नाय, तात्या. गोळी नाय सुटली तर परत चाप वढायचा, म्होरची तयार. तुमचं ते शिलाई मशीन अडकलं म्हंजी? वैऱ्याला म्हनायचं का, थांब रं बाबा, काडी घालून काढतो? म्या जन्मात त्या खेळण्याला हात लावला नाय, आन् लावनार बी नाय."

तात्यासाहेबांचा मुलगा, नाव कारभारी, हा तिसरा. त्याला पिस्तूल हवं होतं ते मिरवायला. वजनाला हलकं, सफारीच्या आत दिसून न दिसल्यासारखं राहतं, एवढंच त्याचं मत. पण निदान त्यानं गयासकडून ते उघडायला-जोडायला शिकून घेतलं होतं. बापाला मॅगझिनसुद्धा धड काढता येत नव्हतं.

या तिघांनी मिळून जन्मात पन्नास गोळ्या झाडल्या नसतील. तात्यासाहेबांनी पिस्तूल घेतलं तेव्हा हर्सूलच्या तलावामागं जाऊन डालड्याच्या डब्यावर पाच गोळ्या झाडल्या. पुढं त्या पाच रिकाम्या पुंगळ्या दिवाणखान्यात काचेच्या वाटीत ठेवल्या आणि आल्यागेल्याला वाघ मारल्यासारख्या दाखवल्या. डब्याला किती लागल्या ते कोणी विचारलं नाही. मॅगझिनमध्ये आठ काडतुसं बसतात. पण आठ भरली की स्प्रिंग दमते असं कोणीतरी सांगितलं, म्हणून ते कायम सातच भरायचे. स्प्रिंग काय हमाल आहे दमायला? पण बाकड्यावर हे शास्त्र होतं.

गयास कानस चालवता चालवता एवढंच म्हणायचा, "साब, पिस्तूल साफ रखो तो वफादार. दसरे कू हल्दी-कुंकू, खोबरेल सब अंदर डालते, और फिर बोलते दगा दिया."

त्यावर सगळे हसायचे. कारागिराचं मत आपल्याकडं विनोद म्हणूनच घेतात.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुंडलिकनगरात गेलो. लक्ष्मीबाई, तात्यासाहेबांची बायको, भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडून रडून आवाज गेला होता. त्यांच्याविषयी मात्र मला वाईटच वाटलं. त्या घरात हत्यारांबद्दल एक अक्षर न बोललेली ती एकटी बाई.

"पूजा कोणी केली, वहिनी?"

"मीच. दरसाल मीच करते. तलवारीवर बोटं वढते ना, तशीच त्याच्यावर बी वढली. नवमीला दुपारी."

"रात्रीत वाळली असतील."

"व्हय. संध्याकाळी हात लावून पाहिला, खडखडीत व्हती."

"काल सकाळी कोण कुठं होतं?"

"मी चुलीपाशी. पुरणाला चटका बसत व्हता. कारभारी न्हात व्हता, पान्याचा आवाज येत व्हता. नानासाहेब व्हरांड्यात झेंडूचं तोरण बांधत व्हते. दरसाल तेच बांधत्यात. आवाज झाला, मी धावले, तर नानासाहेब आधीच आत. म्हनाले, वहिनी, शेवटी ऑटोमॅटिकनं दगा दिला."

दिवाणखान्यात काचेची वाटी होती. मी आतल्या पुंगळ्या मोजल्या. चार.

तेवढ्यात कारभारी आला. बाप जाऊन एक दिवस झाला होता आणि डोळ्यांवर काळा चष्मा होता, तोही घरात.

"माझ्यावर संशय हाय का, हवालदार?" तो म्हणाला. "नवमीला भांडण झालं आमचं, साऱ्या गल्लीनं ऐकलं. पिस्तूल माझ्या नावावर करा म्हनलो, तर बाबा म्हनले, आधी मानूस हो. बरं, झालं भांडण. म्हनून मारलं का म्या?"

"तुला ते चालवता येतं, हे तर खरं."

"ह्या घरात मलाच येतं," तो छाती काढून म्हणाला. स्वतःच्या गळ्याभोवती दोर कसा आवळावा हे या पोराला कोणी शिकवायची गरज नव्हती.

मागच्या अंगणात सारजाबाई भांडी घासत होती. पंधरा वर्षांपासून या घरी कामाला. तिचा नवरा सांडू हा शिकारीच्या हाक्यात जनावरं उठवायला जायचा. एकाहत्तर साली हर्सूलच्या पलीकडच्या डोंगरात तात्यासाहेब आणि नानासाहेब रानडुकरामागं गेले, त्या हाक्यात तो मेला. साहेबांना पाणी द्यायला गेला तेव्हा त्याच्याच हातातली ठासणीची बंदूक सटकली, असं तेव्हा कागदावर आलं. नंतर तात्यासाहेबांनी तिला कामावर ठेवली. लोक म्हणाले, केवढं मोठं मन.

"वाटीतल्या पुंगळ्या तूच पुसतेस ना, बाई? किती आहेत?"

"पाच. नवमीला पुसल्या तवा पाचच व्हत्या." तिनं राखेचा हात धुतला आणि मग माझ्याकडं न बघताच बोलली, "आमच्या मालकाची बंदूक बी आपोआपच सुटली व्हती, हवालदार. सायेबलोक जवळ असले की बंदुका लई आपोआप सुटत्यात."

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो.

"तात्यासाहेब काही म्हणाले होते?"

"छातीत दुखायचं त्येंच्या, दोन म्हैन्यापासनं. नवमीला पूजा झाल्यावर म्हनाले, सारजा, उद्या सोनं द्यायला आलीस की बस जरा, सांडूची एक गोष्ट सांगायचीय, लई दिस राहिली. म्या म्हनलं, आत्ताच सांगा की. तर म्हनाले, नाय, उद्या."

"तेव्हा तिथं आणखी कोण होतं?"

सारजाबाईनं घासलेलं पातेलं उपडं घातलं.

"नानासाहेब," ती म्हणाली.

४

नानासाहेब गुलमंडीत कापडाच्या दुकानावरच्या मजल्यावर राहायचे. दुपारी गेलो तर झोपाळ्यावर बसून पान लावत होते. मित्र गेल्याचं दुःख मिशीच्या टोकापर्यंत पोचलं नव्हतं.

"त्या गयासला फोडून काढला पायजे," ते म्हणाले. "अशांच्या हाती हत्यारं देतो आपन. आन् तात्यालाबी किती डाव सांगितलं, ते खेळणं फेकून दे. मर्दाचं हत्यार न्हवं ते."

"तुम्ही कधी चालवून पाहिलंत?"

"थुः! हात बी नाय लावला."

"तुमचं रिव्हॉल्व्हर काल कुठं होतं?"

ते हसले. प्रश्न विचारणारा आपल्यापेक्षा खालचा आहे हे दाखवायला माणूस जसा हसतो तसे. "पूजेत. हितंच, देवघरात. नवमीला मांडलं की दसऱ्याच्या दुपारपर्यंत हत्यार हलवायचं नाय, आमच्या घरची रीत हाय. पन्नास सालापासनं मोडली नाय. पोलिसातल्या मानसाला रीत काय ठावं म्हना."

आशाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, चहा दिला. मी बशीत ओतून सावकाश प्यालो. आणखी अर्धा तास पिस्तुलांची निंदा ऐकली. मुद्दाम ऐकली, मजा वाटत होती. मला उत्तर कळलंय आणि याला ते माहीत नाही, याची चव त्या चहापेक्षा गोड लागत होती.

जिना उतरताना आशाबाई मागून आल्या. पदर तोंडाशी धरलेला.

"हवालदारभाऊ, एक इचारू? रीत मोडली म्हनून तर झालं नसंल ना हे?"

"कुठली रीत?"

"पूजेतलं हत्यार हलवायची नाय ती. काल सकाळी आठाला म्या निवद दाखवाया गेले, तर पाटावर नुस्ती गादी. ह्येंनी उचललं व्हतं. दुपारी आले तवा परत ठिवलं, समदं कुंकू पुसलेलं. म्हनाले, तेल दिलं. पस्तीस वर्सांत कधी हातानं तेल दिलं नाय ह्येंनी, गयासच देतो. देवी कोपली, आन् घाव तात्यासाहेबांवर पडला, असं माझ्या मनात येतंय."

मी त्या बाईला काय सांगणार? म्हणालो, देवीचा काही संबंध नाही, तुम्ही शांत राहा.

तिथून घाटी दवाखान्यात गेलो. तात्यासाहेबांच्या छातीतून काढलेली गोळी मुंबईच्या प्रयोगशाळेत जायची होती. उत्तर यायला सहा महिने. ती काचेच्या बाटलीत सील होण्याआधी मी डॉक्टरांकडून बघून घेतली. करडी, मऊ, उघड्या शिशाची गोळी. पुढचं टोक चपटं झालेलं.

आता साखळीची एकही कडी बाकी नव्हती. ठाणं रस्त्यात होतं. पण सगळ्यांना एकत्र बसवूनच बोलायचं, असं मी ठरवलं होतं, म्हणून सरळ घरी गेलो आणि जेवून झोपलो.

५

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला फौजदारानं माझ्या सांगण्यावरून सगळ्यांना ठाण्यात बोलावलं. लक्ष्मीबाई, कारभारी, नानासाहेब. सारजाबाई दाराशी खाली बसली. नानासाहेबांना खुर्ची मिळाली, ती त्यांनी आधी रुमालानं झटकली.

मी पिस्तूल रिकामं आहे हे फौजदाराला दाखवलं, घोडा उतरवला, रिकामं मॅगझिन लावलं आणि ते नानासाहेबांपुढं धरलं.

"नानासाहेब, खटका वाजवून दाखवा."

"कशापायी?"

"एवढी वर्षं त्याच्यावर बोलताय. एकदा दाबा तरी."

त्यांनी ते दोन बोटांत धरून भिंतीकडं रोखलं आणि चाप दाबला. काहीच झालं नाही. पुन्हा दाबला, दात ओठ खाऊन.

"बिघडलंय!" ते विजयानं म्हणाले. "म्या सांगितलं नव्हतं?"

कारभारी फस्सकन हसला. "काका, आधी वरचं मागं वढावं लागतं. त्याबिगर घोडा चढत नाय."

"बरोबर," मी म्हणालो. "आता ऐका. रिव्हॉल्व्हर सुटलं की त्याचं चाक फिरतं, वरचं अंग जागचं हलत नाही. पिस्तुलाचं तसं नाही. गोळी सुटली की हा वरचा भाग जोरानं मागं जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो, आणि पुढं येताना मॅगझिनमधलं नवं काडतूस नळीत ढकलतो. दर गोळीला. लक्ष्मीवहिनींनी ओढलेली बोटं या सरकत्या भागावरून खाली मुठीपर्यंत होती, वाळून कडक झालेली. फौजदारसाहेब, तुमच्या पंचनाम्यात काय लिहिलंय?"

लेखनिक शिपायानं मान वर न करता वाचलं, "पाच उभे पट्टे, वाळलेले, अखंड."

"मी नुसती हातानं स्लाइड ओढली तर पापुद्रे तुमच्या कागदांवर उडाले. गोळी सुटली असती तर पट्टे राहिले असते का? नळीत पुढचं काडतूस यायला हवं होतं, नळी रिकामी होती. कोणी म्हणेल, कुंकवानं स्लाइड अडकली असेल. मग पुंगळी आतच राहिली असती, ती फरशीवर कशी आली? ती दिवाणखान्यातल्या वाटीतून आली. पाच होत्या, आता चार आहेत. मॅगझिनमध्ये सात होती, कारण तात्यासाहेब सातच भरायचे. हे पिस्तूल त्या दिवशी सुटलंच नाही. ना आपोआप, ना कोणाच्या हातानं."

फौजदाराचं तोंड उघडं राहिलं. ते तसं बरं दिसत होतं.

"मग गोळी?" त्यानं विचारलं.

"या पिस्तुलाच्या गोळीवर तांब्याचं कवच असतं. छातीतली उघड्या शिशाची आहे, रिव्हॉल्व्हरची. आणि रिव्हॉल्व्हर पुंगळी बाहेर टाकत नाही, म्हणूनच दुसरीकडून आणावी लागली. आता मारणारा कोण ते बघा. गयासला पिस्तूल पाठ आहे. कारभारीला चालवता येतं. या दोघांपैकी कोणी हा देखावा रचला असता तर स्लाइड एकदा तरी ओढली असती, पट्टे मोडले असते, नळीत काडतूस घातलं असतं. मारणारा असा, की पिस्तूल सुटताना त्याचं काय होतं हेच त्याला माहीत नाही. ज्यानं तुच्छतेपोटी त्याला कधी हातच लावला नाही."

सगळ्यांच्या नजरा एकाच खुर्चीकडं गेल्या.

"तोरण बांधता बांधता तुम्ही आत गेलात," मी नानासाहेबांना म्हणालो. "काम केलंत, उपरण्यानं पिस्तूल उचलून खाली ठेवलंत, पुंगळी टाकलीत, रिव्हॉल्व्हर धोतरात खोचलंत आणि ओरडलात. तुमचं रिव्हॉल्व्हर सकाळी आठ वाजता पूजेत नव्हतं. तुमच्याच घरचं माणूस सांगतंय. तात्यासाहेब सारजाबाईला त्या दिवशी सांडूबद्दल काय सांगणार होते?"

मला वाटलं होतं ते नाकारतील. पण माणसाचा माज कधी कधी त्याच्या अकलेच्या पुढं धावतो.

"काय सांगणार व्हता?" ते उसळून म्हणाले. "माझी गोळी लागली त्या सांडूला, ह्येच. पंधरा वर्सं गप ऱ्हायला आन् छातीत दुखाया लागल्यावर पुण्य आठवलं त्येला! एका हाकेवाल्यापायी माझी इज्जत चावडीवर न्यायची? कोन व्हता तो? हाके घालायचा, भाकर खायचा. रानात असं व्हतंच."

सारजाबाई उठून उभी राहिली. आवाज चढवला नाही तिनं.

"सांडू व्हता तो," ती म्हणाली. "तुमाला पानी द्याया आला व्हता. पानी पिऊन झाल्यावर तरी बघायचं व्हतं, कुनाला मारताय ते."

नानासाहेबांनी तिच्याकडं पाहिलंच नाही. ते फौजदाराला म्हणाले, माझ्या वकिलाला बोलवा, आणि या बाईला बाहेर घालवा. शिपाई त्यांना आत घेऊन गेले तेव्हा ती अजून तिथंच उभी होती.

६

मी खूश होतो, हे लपवत नाही. कोडं सुटलं होतं, फौजदाराचं नाक कापलं होतं, जाड मिशीचा माज उतरला होता. मी म्हणालो, "गयासला सोडा आता."

फौजदार कागद चाळायला लागला. "सोडतो की. सही घ्यावी लागंल."

गयासला आणलं. सगीरा फाटकातून आत धावली. त्याचा उजवा हात फडक्यात गुंडाळलेला होता. फडकं मळकं, त्याच्यावर तपकिरी डाग. शिपायानं पेन पुढं केलं. गयासनं उजवा हात वर उचलला, फडक्यातली बोटं उलटी वळलेली दिसली, आणि पेन खाली पडलं.

"कबुली देत नव्हता," फौजदार कागदाकडं बघत म्हणाला. "काल दुपारी जरा... शिपायाचा हात जोरात बसला. दारात सापडली बोटं, असं लिहिलंय."

काल दुपारी मी नानासाहेबांच्या झोपाळ्यासमोर बशीतून चहा पीत होतो. मजा बघत होतो.

फौजदारानं शाईचं पॅड सरकवलं. गयासनं डाव्या अंगठ्याचा ठसा उमटवला. ज्या हातानं तो तिळाएवढे दात घासून जुळवायचा, तो उजवा हात छातीशी धरलेला होता. हाडवैद्य नंतर म्हणाला, दोन बोटं कधीच सरळ होणार नाहीत. हे मला त्या क्षणी कोणी सांगायची गरज नव्हती. सव्वीस वर्षं मी हातांकडूनच काम करून घेतलं आहे.

सगीरानं खाली पडलेलं पेन उचलून टेबलावर ठेवलं. गयासनं माझ्याकडं पाहिलं.

"उस्ताद," तो म्हणाला, "आपकू कब मालूम हुआ, पिस्तूल चला नै करके?"

खोटं बोलता आलं असतं. आज सकाळी कळलं म्हणालो असतो तर त्यानं मानलं असतं, वर माझे आभारही मानले असते.

"पहिल्याच मिनिटाला," मी म्हणालो. "तू गजामागून हाक मारलीस ना, तेव्हा."

त्यानं मान हलवली, जणू हत्यारात कुठं खोट आहे ते सापडलं. मग डाव्या हातानं सगीराचा हात धरला.

"चलो," तो तिला म्हणाला.